खाद्यव्यवसायाचा खरा हिशेब : प्राथमिक शिक्षकांसाठी एक पाठ



आपल्या भागातील अनेक प्राथमिक शाळांतून वर्षातून एकदा बाल आनंद मेळावा भरतो. मुले घरून भेळ, चिक्की, शेंगांची चटणी, थालीपीठ असे पदार्थ आणतात, पटांगणात दुकाने मांडतात, पालक विकत घेतात आणि संध्याकाळी 'कोणाला किती नफा झाला' याची नोंद फळ्यावर होते. उपक्रम चांगला आहे. परंतु त्याच्या शेवटी जो हिशेब आपण मांडतो, तो बहुधा खोटा असतो. तो खोटा हिशेब शाळेच्या कुंपणाबाहेर गेला म्हणजे काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे. म्हणून प्रथम स्वतःची चूक सांगतो आणि मग पाठाकडे वळतो.

१. एका चुकीची हकीकत

मी वर्गशिक्षक होतो त्या काळची गोष्ट. मेळाव्यात एका मुलाने आईने केलेली शेंगांची चटणी विकली. तिखट, लसूण, पिशव्या इत्यादींचा खर्च वजा जाता बरीच रक्कम उरली. शेंगदाणे घरच्या शेतातले, म्हणून त्यांची किंमत आम्ही धरली नाही. कष्ट आईचे, म्हणून तेही धरले नाहीत. मी त्या मुलास सर्वांसमोर शाबासकी दिली आणि पालकांना म्हणालो, "पाहा, घरबसल्या केवढा नफा!"

त्या माउलीने माझा शब्द खरा मानला. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत ती आठवड्याच्या बाजारी त्याच भावाने चटणी विकीत राहिली. चटणी चांगली होती, गिऱ्हाईक तुटत नव्हते. जूनमध्ये पेरणी आली, तेव्हा बियाण्यासाठी राखलेल्या शेंगाही चटणीत गेल्याचे लक्षात आले. बियाणे उधारीवर आणावे लागले. ती शाळेत आली आणि शांतपणे म्हणाली, "गुरुजी, पोरानं वहीत नफा लिहिला हुता. मग पेरणीला बियाणं इकत का घ्यावं लागलं?"

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. पुढे तिने तो व्यवसाय सोडला. चटणीत खोट नव्हती, खोट मी शिकविलेल्या वजाबाकीत होती.

२. शिक्षकाचे काम कोणते ?

गावातील खाद्यव्यवसायाला शिक्षकाने साहाय्य करावे असे म्हटले की काहींना वाटते, शिक्षकाने माल खपवून द्यावा, कर्ज मिळवून द्यावे किंवा बचत गटाचा कारभार पाहावा. हे आपले काम नव्हे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २७ अन्वये जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकाकडे देता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपले काम मूल शिकविण्याचे. मात्र मूल जे शिकते ते संध्याकाळी घरी जाते, हेही तितकेच खरे.

हा विचार नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध लेखनवाचनासोबत हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य यांचा समावेश असावा अशी मागणी केली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रुजविले. १९३७ साली वर्ध्यास महात्मा गांधींनी मूलोद्योगाधारित शिक्षणाची कल्पना मांडली. या सर्वांचा रोख एकच होता : शाळेतील ज्ञान आणि घरातील काम यांमध्ये भिंत असू नये.

तेव्हा खाद्यव्यवसायाला प्राथमिक शिक्षक तीन गोष्टी देऊ शकतो : खरा हिशेब, स्वच्छ व निर्दोष माल ओळखण्याची दृष्टी, आणि वेष्टनावरील मजकूर वाचण्याची व लिहिण्याची पात्रता. तिन्ही गोष्टी गणित, परिसर अभ्यास आणि भाषा या आपल्याच विषयांत बसतात.

३. आपला परिसर

वेळापूर व आसपासच्या गावांना नीरा उजव्या कालव्याने ऊस दिला. तालुक्याबाहेर पडले की कोरडवाहू ज्वारीचा मुलूख लागतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंब यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूरची शेंगांची चटणी आणि कडक भाकरी यांची ख्याती तर जिल्ह्याबाहेर आहेच. कडक भाकरीत ओल जवळजवळ राहत नाही, चटणीतही पाणी नसते. म्हणून हे दोन्ही पदार्थ प्रवासास टिकतात. टिकाऊपणाचे शास्त्र आपल्या आजीबाईंना पुस्तकाविना अवगत होते.

आषाढात श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस असे मुक्काम करीत वेळापुरास येते आणि पुढे भंडीशेगाव, वाखरीमार्गे पंढरपुरास जाते. त्या मुक्कामात खाण्याच्या पदार्थांना जेवढी मागणी असते, तेवढी वर्षात क्वचितच असते. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरामुळेही बाहेरचे लोक येतात. परंतु पालखीचा मुक्काम एका रात्रीचा असतो. त्या एका दिवसाच्या खपावर वर्षाचा व्यवसाय उभारणारा मनुष्य फसतो. 'मुक्कामाचा एक दिवस आणि उरलेले ३६४ दिवस' हा गणिताचा प्रश्न सातवीच्या वर्गास अवश्य घालावा.

४. पाठ पहिला : खरा नफा (इयत्ता ५ वी ते ७ वी, विषय गणित, दोन तासिका)

उद्देश : खरेदी किंमत, उत्पादनखर्च, श्रममूल्य, घट व नफा-तोटा यांचा परस्परसंबंध समजणे.

साहित्य : तराजू, २५० ग्रॅमचे वजन, मूठभर शेंगदाणे, रिकाम्या पिशव्या, फळा.

प्रस्तावना : शिक्षकाने विचारावे, "घरच्या शेतातल्या शेंगा फुकट असतात का?" बहुतेक मुले 'हो' म्हणतील. मग विचारावे, "त्याच शेंगा बाजारात नेल्या असत्या तर?" मुले थबकतील. तेथेच पाठ सुरू करावा.

हेतुकथन : "आज आपण एका घरच्या चटणीचा हिशेब चार वेळा करणार आहोत. दर वेळी उत्तर निराळे येईल."

विषयप्रतिपादन : पुढील आकडे केवळ नमुन्याचे आहेत. शिक्षकांनी त्या आठवड्याचे स्थानिक भाव घालावेत. खऱ्या कुटुंबाचे नाव अगर आकडे वर्गात घेऊ नयेत. घर काल्पनिकच ठेवावे.

शेंगदाणे ५ किलो, दर १४० रु. : ७०० रु.
लाल तिखट ४०० ग्रॅम, दर किलोस ३०० रु. : १२० रु.
लसूण, जिरे, मीठ : ७५ रु.
पिशव्या व चिठ्ठ्या, २० नग : ८० रु.
गॅस : ४५ रु.
कांडप : ८० रु.
बाजारास जाण्या-येण्याचे भाडे : ५० रु.
एकूण : १,१५० रु.

भाजताना शेंगदाण्यातील ओल जाते, पाखडताना सालपट जाते. मसाला मिळवून हाती सुमारे ५ किलो चटणी येते, म्हणजे २५० ग्रॅमच्या २० पुड्या. पुडीस ७० रु. भाव ठेविला. आता हिशेब करावा.

पहिला हिशेब. शेंगदाणे घरचे म्हणून सोडले. खर्च ४५० रु., विक्री २० × ७० = १,४०० रु. नफा ९५० रु.

दुसरा हिशेब. शेंगदाण्यांची बाजारातील किंमत धरली. खर्च १,१५० रु., विक्री १,४०० रु. नफा २५० रु.

तिसरा हिशेब. दोन पुड्या गिऱ्हाइकांना चव दाखविण्यासाठी फोडल्या. विकल्या १८. विक्री १,२६० रु. नफा ११० रु.

चौथा हिशेब. दोघी स्त्रियांनी प्रत्येकी ५ तास भाजणे, सोलणे, पाखडणे, भरणे व विकणे केले. तासास ५० रु. धरल्यास १० तासांचे ५०० रु. खर्च १,६५० रु., विक्री १,२६० रु. तोटा ३९० रु.

हे चार आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहावेत : ९५०, २५०, ११०, आणि उणे ३९०. चटणी तीच, पुडी तीच, भाव तोच. मुलांना क्षणभर पाहू द्यावे. या ठिकाणी शिक्षकाने बोलण्याची घाई करू नये.

संकलन : तोटा होऊ नये म्हणून पुडीचा भाव किती असावा? १,६५० ÷ १८ = ९१.६६…, म्हणजे ९२ रु. त्याखाली विकणे म्हणजे आईचे कष्ट फुकट देणे होय.

उपयोजन : "९२ रुपयांस कोणी घेईल का?" हा प्रश्न मुले आपण होऊनच विचारतात. मग दुसरी वाट दाखवावी. एका वेळी १० किलो शेंगदाणे घेतले, तर माल दुप्पट, परंतु भाडे तेवढेच. दोघींचे काम प्रत्येकी ५ तासांऐवजी १० तास न होता ७ तासांत आटोपते असे धरू. खर्च : शेंगदाणे व मसाला १,७९०, पिशव्या १६०, गॅस ९०, कांडप १६०, भाडे ५०, श्रम १४ तासांचे ७००. एकूण २,९५० रु. पुड्या ४०. त्यांतील ४ चवीसाठी गेल्या तर ३६ उरल्या. २,९५० ÷ ३६ = सुमारे ८२ रु. पुडीमागे १० रुपये उतरले. मात्र ३६ पुड्या खपल्या पाहिजेत, न खपल्यास नुकसानही दुप्पट. व्यवसाय वाढविण्यातील लाभ व धोका दोन्ही या एका उदाहरणात येतात.

गृहपाठ : घरी केलेल्या कोणत्याही एका पदार्थास किती वेळ लागला, ते घड्याळ लावून नोंदवून आणणे. पदार्थ विकावयाचा नसला तरी चालेल. स्वयंपाकाला वेळ लागतो, ही जाणीव मुलग्यांना विशेषेकरून व्हावी.

५. वहीचे महत्त्व

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातूनच 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल करमसी पारेख, ज्यांना छगनबापा म्हणत, यांनी आरंभापासून दोन गोष्टींचा आग्रह धरला : मालाचा दर्जा आणि चोख हिशेब. पापड लाटणे त्या भगिनींना येतच होते. बाहेरून मिळाला तो वहीचा धडा. आपल्या गावात तो धडा देण्यास शाळेइतके जवळचे ठिकाण दुसरे नाही.

वही साधी असावी : तारीख, काय आणले, काय विकले, काय उरले, किती तास लागले. शेवटचा रकाना कोणतीही छापील वही देत नाही. तो आपण मुलांकडून आखून घ्यावा.

६. पाठ दुसरा : काळवंडलेला दाणा (परिसर अभ्यास व विज्ञान)

ओलसर जागी साठविलेल्या शेंगांवर बुरशी येते. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृतास घातक आहे, आणि भाजल्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. 'भाजले की सारे जाते' हा समज मुलांच्या मनातून काढावा. शेंगदाण्यांचे ताट मुलांपुढे ठेवून बुरशीचे, सुरकुतलेले, काळवंडलेले दाणे वेगळे काढावयास लावावेत. ते दाणे चाखू देऊ नयेत, चटणीत, तेलात किंवा जनावरांच्या आंबोणातही घालू नयेत. पाठानंतर हात धुवावेत.

दुसरी गोष्ट खवटपणाची. शेंगदाण्यातील तेलास हवा, उजेड व उष्णता लागली की चव बिघडते. एक पुडी उन्हात उघडी आणि एक घट्ट बंद करून सावलीत ठेवावी, दर आठवड्यास फक्त वास घेऊन नोंद करावी. घरच्या पदार्थाची 'किती दिवस टिकतो' ही तारीख अंदाजाने न लिहिता अशा नोंदीवरून लिहावी, ही सवय यातून लागते.

७. पाठ तिसरा : पुडीवरील मजकूर (भाषा)

गावातील दुकानातून मुले खाऊच्या ज्या पुड्या घेतात, त्यांची रिकामी वेष्टने जमवावीत. प्रत्येकावर माल कोठे तयार झाला ते शोधून नकाशात खूण करावी. आपल्या शिवारातले धान्य बाहेर जाते आणि पुडीतून परत येते, हे या नकाशावरून व्याख्यानाशिवाय समजते.

नंतर वेष्टनावर काय काय असते त्याची यादी करावी : पदार्थाचे नाव, घटक (वजनाने जास्त ते आधी), निव्वळ वजन, तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, उत्पादनाची व टिकण्याची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक. शेंगदाण्याने काहींना तीव्र अपाय होतो, म्हणून शेंगदाणा असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. नियमानुसार हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे आवश्यक आहे, त्यासोबत मराठी घालण्यास आडकाठी नाही. मुलांनी काल्पनिक चटणीची चिठ्ठी दोन्ही भाषांत लिहावी. हा निबंधाहून कठीण लेखनाभ्यास आहे, कारण येथे एकही शब्द फुगवून चालत नाही.

ज्वारी दुसऱ्या गावची आणि चिठ्ठीवर मंगळवेढ्याचे नाव, असे करू नये हेही याच पाठात सांगावे. नावाची पत अनेकांच्या कष्टांनी मिळालेली असते. ती एकाने वापरून संपवू नये.

८. पाळावयाच्या मर्यादा

(अ) मुलांकडून माल तयार करवून घेऊ नये. १४ वर्षांखालील मुलास कामास लावण्यास कायद्याची मनाई आहे. शाळा सुटल्यावर घरच्या कामात, आणि तेही धोक्याचे नसेल तर, हातभार लावण्यापुरती सूट आहे. चटणीचा हिशेब मुलाने करावा, चटणी कांडू नये.

(आ) शिक्षकाने कोणत्याही पालकाच्या व्यवसायात भागीदार होऊ नये, माल घेण्याची सक्ती करू नये, कर्जास जामीन राहू नये.

(इ) मेळाव्यात कोणाचे दुकान रिकामे राहते, यावर लक्ष असू द्यावे. पदार्थ चांगला असूनही एखाद्या मुलाकडे गिऱ्हाईक जात नसेल, तर कारण चवीत नसून जातीत असण्याचा संभव असतो. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पटांगणात ती दिसली तर शिक्षकाने पहिला घास त्या दुकानी घ्यावा. शक्य तर सर्व पदार्थ मिश्र गटांकडून मांडून घ्यावेत, म्हणजे 'कोणाच्या घरचे' हा प्रश्नच उरत नाही.

(ई) गरिबाच्या मुलास भांडवल आणण्यास सांगू नये. सर्वांस सारखीच रक्कम ठरवून द्यावी किंवा शाळेने साहित्य पुरवावे.

९. पालक विचारतील तेव्हा

हिशेब घरी गेला की पालक पुढचे प्रश्न घेऊन येतात. अशा वेळी शिक्षकाने अंदाज न सांगता योग्य दार दाखवावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते. २०११ च्या नियमांत साध्या नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये ठेविली होती. अशा मर्यादा बदलतात, म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडून खात्री करून घेण्यास सांगावे. तराजूच्या मुद्रांकनासाठी वैधमापन विभाग, प्रक्रिया शिकण्यासाठी कृषि विज्ञान केंद्र, व्यवसायप्रशिक्षणासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, आणि बचत गटासाठी पंचायत समितीतील उमेद अभियानाचा कक्ष. सूक्ष्म खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र शासनाने २०२० साली योजना काढली, तिच्यात पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, परंतु १० लाख रुपयांपर्यंत, अनुदानाची तरतूद होती. तिची सद्यःस्थिती तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे विचारावी. ही यादी शाळेच्या सूचनाफलकावर लावली तरी पुष्कळ काम होते.

अर्ज भरून देऊ नये, तो पालकाच्या मुलाकडून वाचून घ्यावा. आईला वाचून दाखविताना मूल जे शिकते, ते आपल्या तासिकेत शिकत नाही.

१०. समारोप

अनुदान, यंत्र, बाजारपेठ ही सारी साधने शासनाच्या व लोकांच्या हातची आहेत. परंतु ज्या घरात खर्च व नफा यांतील भेद कळत नाही, तेथे अनुदानही तोट्यातच मुरते. माझ्या चुकीमुळे एका घरास बियाणे उधार आणावे लागले. त्यानंतर ज्या ज्या शाळेत मी गेलो, तेथे आनंद मेळाव्याच्या शेवटी चौथा हिशेब केल्याखेरीज फळा पुसू दिला नाही. काही वर्षी एकाही दुकानास नफा झाला नाही. मुले हिरमुसली, पण पुढल्या वर्षी त्यांनी भाव ठरविण्याआधी पाटी मागितली.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या शाळेच्या मागील मेळाव्यातील एका पदार्थाचा हिशेब चार पायऱ्यांनी पुन्हा करा. उत्तर किती बदलले?
२. श्रमाचा तासाचा दर किती धरावा? शेतमजुरीचा स्थानिक दर धरल्यास स्त्री व पुरुष यांच्या दरांत फरक करावा काय? का?
३. आपल्या गावातील कोणता पदार्थ महिनाभर टिकतो, कोणता एक दिवस? त्याचे शास्त्रीय कारण कोणत्या इयत्तेत शिकविता येईल?
४. पालखीच्या मुक्कामासाठी केलेला माल न खपल्यास त्याचे काय होते? याची माहिती मुलांकरवी मिळवा आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा.